संस्थेतले तीन जुने तंबोरे: ठेवायचे की देऊन टाकायचे?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. इथे गाणं-बजावणं जाणणारे बरेच आहेत, म्हणून विचारते. मी स्वतः गात नाही. पोस्टात ३४ वर्षं काउंटरवर काढली आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या कलासंस्थेची मानद चिटणीस झाले. मानद म्हणजे पगार नाही, किल्ल्या मात्र माझ्याकडे.

संस्था जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. एक हॉल, दोन खोल्या, मागे मोरी. सकाळी साडेसहाला योगासनं. मंगळवारी-गुरुवारी दुपारी बायकांचं भजनी मंडळ. चारला चित्रकला, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं. (पालकांचा पहिला प्रश्न "दहावीला किती मार्क वाढतात?" हाच असतो. मीही आता न चिडता सांगते.) पाचला पेटी आणि गायन, सहाला कथक, आणि साडेसातनंतर हॉल नाटकवाल्यांचा. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की ते रात्री अकराशिवाय हलत नाहीत, आणि चहाचे कप खिडकीत ठेवून जातात. गायन आणि कथक यांच्या मधे नुसतं प्लायवुड आहे. पावणेसहाला पलीकडे घुंगरू बांधायला लागले की इकडचे सर डोळे मिटून घेतात.

आमच्या पाटीवर पूर्वी 'कलाकेंद्र' असा शब्द होता. तो काढावा लागला, कारण लावणीच्या थिएटरांनाही तेच म्हणतात. महिन्यातून दोन-तीन फोन यायचे, "आज बैठक किती वाजता? पार्टी कुठली आहे?" मी सांगायचे, इथं लावणी नसते, इथं मुलं चित्रं काढतात. समोरचा माणूस बिचारा ओशाळायचा. त्या संगीतबारीतल्या बाया रोज रियाज करतात, आमची मुलं परीक्षेआधी पंधरा दिवस करतात, तेव्हा लाजायचं कुणी हा प्रश्नच आहे. असो.

शनिवारी संध्याकाळी ज्येष्ठांचं कराओके असतं. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. पण ते लोक भाडं पहिल्या तारखेला देतात, खुर्च्या एकात एक रचून जातात, आणि खरं सांगायचं तर संस्थेचं वीजबिल तेच भरतात.

आता मुद्दा. मागच्या खोलीत तीन तंबोरे आहेत, दोन मोठे, एक लहान. गवसण्या (कापडी खोळी) फाटल्यात, तारा गंजल्यात. ती खोली एका अबॅकसच्या क्लासला दरमहा साडेचार हजारांनी द्यावी असं समितीत ठरत आलंय. गायनाचे सर फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप लावतात, डब्यासारखा एक स्पीकर आहे त्याला जोडून. परवा मुलं सा लावून बसली होती, सगळी एका सुरात, आणि मधेच गृहकर्जाची जाहिरात लागली. एका मुलीने त्याच सुरात "अटी लागू" म्हणून दाखवलं. हसले सगळे, सरही हसले.

समितीतले एक जण म्हणाले, "वाजत नाहीत ती वाद्यं कशाला सांभाळायची?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडे आहे ते उत्तर गाण्यातलं नाही. आमच्याकडे एक शिपाईमामा होते. कधी कुणाकडे शिकले नाहीत, पण येणाऱ्या गवयांसाठी तंबोरे सुरात लावून ठेवता ठेवता कान तयार झालेला. क्लास असो नसो, रोज साडेचारला एक तंबोरा लावून ठेवायचे. बशीने झाकलेला चहा शेजारी निवत असायचा. मी पोस्टातून घरी येताना ती खिडकी ओलांडायचे. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे), आमच्या हॉलमधे स्विचबोर्डाच्या वर रेघ आहे अजून. पाणी यायच्या आदल्या रात्री मामांनी आणि मी दोन तंबोरे माळ्यावर चढवले. तिसरा जिन्याखाली राहिला. मी त्यांना म्हणाले होते, आधी रजिस्टरं वर नेऊ या. त्यात वेळ गेला. मामा गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून एकही तंबोरा लागलेला नाही.

तर विचारायचं हे, की असे पडून राहिलेले तंबोरे दुरुस्त होतात का? होत नसतील किंवा परवडत नसेल, तर कुणाला द्यावेत? आणि ठेवलेच तर ते पुन्हा भिंतीला टेकून बसू नयेत म्हणून काय करावं?

पाचची_लोकल

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. देऊन टाका. महिन्याला साडेचार हजार म्हणजे वर्षाचे ५४ हजार. त्यात छताची गळती निघेल, प्लायवुडच्या जागी भिंत होईल. जाहिरात नको असेल तर ॲपचे पैसे भरा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या. माझी मुलगी सात वर्षं त्यावरच शिकली, सुरात गाते. मामांची आठवण तुमच्याजवळ आहे, ती खोलीत नाही.

खुंटी_मिरज

वरच्यांचं पैशाचं गणित बरोबर आहे, तंबोऱ्याचं नाही. आमचं घर मिरजेत तंतुवाद्याच्या कामात आहे, मी चौथ्या-पाचव्या पिढीतला असेन. आमचे जुने लोक शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी संपल्या तसे वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. तेव्हा धंदा बदलतो हे आम्हाला कुणी सांगायला नको.

ताई, आधी एवढं करा. गवसणी काढा आणि भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारत सगळीकडून फिरा. भरीव, खणखणीत आवाज आला तर भोपळा जिवंत आहे. एखाद्या जागी बद्द वाजला तर आतून कीड आहे. खाली फरशीवर पिवळट भुकटी पडलेली दिसते का बघा. हा कडू भोपळा असतो, खायचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेकाठी मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. वाळवलेल्या भोपळ्याला किड्यापासून जपावं लागतं, आणि वापरातल्या वाद्याला कीड कमी लागते, कारण त्याला रोज हात लागतो.

मग दांडी बघा. एका टोकाला डोळा लावून बंदुकीसारखं बघायचं. वाक असेल तर खर्च आहे. सरळ असेल तर बाकीचं सगळं होतं. तारा बदलणं काहीच नाही. खुंट्या निसटत असतील तर खडूची पूड लावतात, फार झिजल्या असतील तर नव्या बसवतात. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, सुटली असेल तरी चिकटवता येते. पुरात भिजलेल्याचं मात्र मी बघितल्याशिवाय बोलणार नाही.

खरं काम जवारीचं. म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा वर्षानुवर्षं घासून खड्डे पडतात. मग आवाज चपटा येतो आणि लोक म्हणतात, तंबोरा मेला. मेलेला नसतो. कानस घेऊन तो माथा परत घडवायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवत ऐकायचं. एक जागा अशी येते की तार उघडते, गुंजायला लागते. ती जागा मापाने सापडत नाही. खर्जाची, म्हणजे सगळ्यात जाड तार छेडली आणि तिच्यातून कुणी न वाजवलेला गंधार (ग) ऐकू आला की समजायचं, जमलं. ॲपमधे हे सगळं रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, चांगलं असतं, मी वाईट म्हणत नाही. पण ते तुमच्या मुलांचं ऐकून हलत नाही. मुलीचा सा चढला तर तंबोरा तिला सांगतो, कारण तो तिच्या कानाशी असतो. डबा कोपऱ्यात असतो.

आणखी एक. मोठे दोन पुरुषी असणार, पेटीच्या काळी एक-दोन पट्टीचे. मुलं काळी चारला गात असतील तर लहानच उपयोगी. मोठ्याला चारला ओढू नका, तारा तुटतील आणि बोट कापेल.

मिरजेला घेऊन या. बघायचे पैसे घेत नाही. येताना खर्जाच्या तारा थोड्या सैल करून आणा, गाडीत हादरे बसतात.

अवांतर: २०२४ मधे मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. पेढे वाटले आम्ही. पण काम शिकायला येणारी पोरं त्यामुळे वाढली असं काही दिसलं नाही.

हिशेबनीस

फक्त कागदाचं बोलतो. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर तंबोरे डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) असतील. कमी करायचे तर समितीचा ठराव घ्या, नुसतं तोंडी "दिले" असं नको, ऑडिटर विचारेल. कुणी देणगी म्हणून दिले असतील तर ते पत्र शोधा. त्यात काही अट असू शकते. खोली भाड्याने देण्याचंही न्यासाच्या नियमात बसतं का, आधी विचारून घ्या.

फोंड्याची_मास्तरीण

धागा उशिरा पाहिला. मी गोव्यात फोंड्याजवळ गाणं शिकवते, आमच्याकडेही दोन तंबोरे अशाच अवस्थेत होते.

खुंटी_मिरज यांच्या अवांतराबद्दल +१. आमच्याकडे २०१९ मधे घुमटाला, म्हणजे आमच्या मातीच्या चामडं लावलेल्या वाद्याला, राज्याचं वारसा वाद्य केलं. चांगलं झालं. पण घुमट त्याने वाजत नाही. ते वाजतं कारण चवथीला दहा-बारा वर्षांच्या पोरांना आरतीला कोणीतरी हातात देतं, आणि घरोघरी फिरताना ती बडवत बडवत शिकतात. हातात द्यावं लागतं, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही पाळी लावली. फळ्यावर नावं. ज्याची पाळी त्याने दहा मिनिटं आधी यायचं आणि तंबोरा लावायचा. मी हात लावायचा नाही. पहिले तीन आठवडे भयंकर गेले. एका मुलाने पंचम इतका वर नेला की तार सुटून त्याच्या चष्म्यावर बसली. पालक म्हणाले, क्लासचा वेळ वाया जातो. मी म्हटलं, हाच क्लास आहे. दोन पालकांनी मुलांना काढलं, हेही सांगते, कारण असल्या गोष्टी लिहिताना लोक ते गाळतात. दोन महिन्यांनी मात्र मुलं दारातून येतानाच "मॅडम, जोड उतरलाय" म्हणायला लागली (जोड म्हणजे मधल्या दोन तारा). वरच्या परीक्षांना तंबोरा जुळवायला सांगतातच, तेव्हा पालकांना पटवायला मार्कांचं कारणही आहे. लाज वाटून घेऊ नका, मी ते वापरलं.

आणि वेगळी खोली देऊ नका त्यांना. खोली म्हणजे अडगळीची पहिली पायरी. वावरात ठेवा, लोकांच्या पायात येतील असे.

पाचची_लोकल

मास्तरीणबाई, पायात येतील असे ठेवले तर फुटतील.

फोंड्याची_मास्तरीण

एक फुटला. उरलेला वाजतो.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे आभार. मधे महिना गेला, काय झालं ते लिहिते.

टिचकी मारून पाहिली. मला वाटलं होतं मला कळणार नाही, पण कळतं. पोस्टात पार्सलवर हात मारून आत काय आहे ते ओळखायची सवय होती, ती कामी आली. जिन्याखालचा, पुरात भिजलेला, सगळीकडून बद्द. उरलेले दोन ठीक वाटले. तरी तिन्ही घेऊन मिरजेला निघाले. रिक्षात मावेनात, म्हणून बसने गेले. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, ह्यांचं लगेज पडंल." मी म्हटलं, फाडा. शेजारच्या बाईंनी लहान तंबोरा मांडीवर घेतला आणि मिरजेपर्यंत तसाच धरून बसल्या. उतरताना विचारलं, "वीणा कुठल्या सप्त्याला चाललीय?"

मिरजेत भिजलेला बघूनच त्यांनी मान हलवली. दांडी चांगली आहे म्हणाले, ती दुसऱ्या कामाला येईल. मी ती देऊन टाकली. रजिस्टरं आधी वर नेली होती त्या रात्री, हे त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "रजिस्टरं वाचली का?" वाचली, म्हटलं. अजून कुणी उघडलेली नाहीत.

दुरुस्तीचे पैसे समितीने दिले नाहीत. शनिवारी कराओकेच्या मंडळींसमोर मी सहज बोलले आणि त्यांनी तिथल्या तिथे डबा फिरवला. मी त्यांच्याबद्दल वर जे लिहिलंय ते त्यांनी वाचू नये अशी इच्छा आहे. त्यांची अट एकच, की शनिवारी मोठा तंबोरा मागे दिसला पाहिजे, व्हिडिओत चांगला दिसतो. दिसू दे. तो तसाही कुणाच्या पट्टीत बसत नाही.

खोली गेली. अबॅकसवाले १ तारखेला आले. हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे ठराव केला, आधी विचारूनही घेतलं. समितीचं चुकलं असं मला म्हणवत नाही, गळती खरंच काढायची होती. तंबोरे आता हॉलच्या भिंतीला लाकडी खुंट्यांवर आहेत, २०१९ च्या रेघेच्या वर हातभर. नाटकवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यावर एक टोपी अडकवली. मी ती जप्त केली आहे.

पाळी लावायची म्हटल्यावर मात्र अडलं. गायनाचे सर बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मला लावता येत नाही. मी पेटीवर शिकलो, पेटीवरच शिकवतो." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं मला वाटायचं ते आळसाने ॲप लावतात. मीही त्यांना सांगितलं की मला तर सा कुठला तेही कळत नाही, मग दोघांनाही जरा बरं वाटलं.

गुरुवारी भजनी मंडळातल्या एक आजी आल्या, लवकर आल्या होत्या, पोथी घेऊन बसल्या होत्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, खाली द्या तो. मांडीवर आडवा घेतला, खुंट्या पिळल्या, कानाला लावला. विचारलं तर म्हणाल्या, सासरे वीणेकरी होते. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, पहारा बदलताना या हातातून त्या हातात जाते, आणि उतरलेली वीणा पुढच्याला द्यायची नाही असा त्यांच्या घरचा दंडक. "बायकांच्या हातात देत नव्हते तेव्हा. पण लावून ठेवायला चालायचं." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. नंतर मंडळाने हरिपाठ म्हटला तोही तंबोऱ्यावर, टाळ थोडे हळू धरून.

आता त्या मंगळवारी-गुरुवारी भजन झाल्यावर पाच वाजेपर्यंत थांबतात. सर आणि चार मुली त्यांच्यासमोर बसतात. आजी शिकवत नाहीत, नुसतं "उतरलाय", "चढला", "हां" एवढंच म्हणतात. सर वहीत लिहून घेतात. काय लिहितात कोण जाणे. बाकीचे चार दिवस अजून ॲपच आहे, त्याचे पैसे भरले, जाहिरात बंद झाली. ती मुलगी "अटी लागू" अजून म्हणते.

आता एक शेवटचं विचारायचंय, खुंटी_मिरज किंवा कुणीही सांगा. गवसण्या शिवायच्या आहेत. आमच्या कथकच्या बाई जुन्या साड्यांच्या शिवून देते म्हणतात. आतून अस्तर सुती घालायचं की लोकरीचं? आणि माप घेताना खुंट्यांसकट घ्यायचं, की खुंट्यांना भोकं ठेवायची?

खुंटी_मिरज

सुतीच. लोकरीला कसर लागते. माप खुंट्यांसकट, वर चार बोटं जास्त धरा आणि तोंडाला नाडी घाला. भोकं नकोत, धूळ जाते. पावसाळ्यात गवसणी दोन-तीन दिवसांनी काढून वारं लागू द्या. आणि त्या आजींना विचारा, एकदा मिरजेला येतील का.